पीक नसलेल्या शेतात बघायचं काय? नाशिकच्या उन्हाळ्यातली सेंद्रिय शिवारफेरी

मे महिन्यात दिंडोरी, निफाड, चांदवडच्या बाजूने गेलं की शिवार ओकंबोकं दिसतं. गहू-हरभरा कधीच निघालेला असतो, उन्हाळ कांदा चाळीत जाऊन पडलेला असतो आणि द्राक्षबागेत घड नसतात. दिसतात त्या फक्त छाटलेल्या काड्या आणि त्यांवरची कोवळी पालवी. नेमक्या याच दिवसांत एखाद्या सेंद्रिय शेतावर सकाळी सातलाच वीस-तीस माणसं जमतात. डोक्याला रुमाल बांधून खताच्या ढिगाभोवती उभी राहतात, मातीचं ढेकूळ हातात फोडून त्याचा वास घेतात. त्याचे फोटो फेसबुकवर आले की खाली कुणीतरी विचारतंच, "शेतात काहीच नाही, मग बघायला काय गेला होता?"

प्रश्न रास्त आहे. पीक बघायचं असेल तर उन्हाळा ही चुकीची वेळ आहे. पण सेंद्रिय शेती समजून घ्यायची असेल, तर ती वर्षातल्या सर्वांत चांगल्या वेळांपैकी एक आहे. उभ्या हिरव्या पिकाने झाकलेलं बरंच काही या दिवसांत उघडं पडलेलं असतं.

शिवारफेरी म्हणजे नेमकं काय?

गावाच्या हद्दीतली सगळी शेतजमीन म्हणजे शिवार, आणि ती पायी फिरून बघणं म्हणजे शिवारफेरी. शब्द साधा आहे, पण त्याचे वापर वेगवेगळे आहेत. पाणलोटाच्या कामात, विशेषतः जलयुक्त शिवार अभियानात, बंधारा कुठे घालायचा, पाणी कुठून वाहतं हे ठरवण्यासाठी गावकरी आणि अधिकारी मिळून जी फेरी मारायचे, तिलाही शिवारफेरीच म्हणायचे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची वार्षिक शिवारफेरी वेगळी. तिथे विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर वेगवेगळे वाण आणि तंत्रं प्रत्यक्ष लावून दाखवली जातात आणि विदर्भातून शेतकरी ती बघायला येतात. द्राक्षपट्ट्यात छाटणीच्या तोंडावर बागेत जमून चर्चा करतात, तीही शिवारफेरीच.

शेतीशाळा मात्र याहून निराळी. फेरी एका सकाळीत संपते, तर शेतीशाळेत तोच गट पूर्ण हंगामभर ठरावीक दिवसांनी त्याच शेतावर भेटतो. सोशल मीडियावर हे दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. जाण्याआधी नेमकं काय आहे ते विचारून घेतलेलं बरं, कारण एका सकाळीत मिळेल ते आणि हंगामभरात मिळेल ते यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

बाहेर उन्हाळ्यात, आपल्याकडे हिवाळ्यात

अमेरिकेत किंवा युरोपात शेतफेऱ्यांचा हंगाम म्हणजे उन्हाळाच. पेनसिल्व्हेनियातल्या कुट्झटाउनच्या रोडेल इन्स्टिट्यूटमध्ये १९८१ पासून सेंद्रिय आणि पारंपरिक रासायनिक शेती शेजारी-शेजारी ठेवून तुलना चालू आहे, आणि ती बघायला लोक जुलैमध्ये येतात. आयोवातली 'प्रॅक्टिकल फार्मर्स ऑफ आयोवा' ही १९८५ सालची शेतकरी संघटना उन्हाळाभर सभासदांच्या शेतांवर असे कार्यक्रम घेते. तिकडे त्या दिवसांत मका आणि सोयाबीन ऐन भरात असतं.

आपल्याकडे पावसाळ्याने हे वेळापत्रक उलटवलं आहे. म्हणून अकोल्याची शिवारफेरी पावसाळा सरताना होते, आणि बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राचं 'कृषिक' प्रदर्शन जानेवारीत भरतं. दोन्ही ठिकाणी पीक उभं असतं, फोटो चांगले येतात, गर्दी होते.

उन्हाळ्यातली फेरी लहान असते आणि तिला दिखाऊपणा परवडत नाही. मराठी शेतीच्या वर्षात हा काळ सांध्याचा आहे. खानदेशात आणि त्याला लागून असलेल्या बागलाण-मालेगावच्या पट्ट्यात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, शेतीचं नवं वर्ष धरतात, सालदाराचं साल ठरतं. रोहिणी निघाल्या की मशागतीची घाई सुरू होते आणि ७ जूनच्या आसपास मृग लागतो. पुढच्या हंगामात काय करायचं हे खरं तर या दीड महिन्यात ठरतं. जुलैत फिरून आलेला शेतकरी 'पुढच्या वर्षी बघू' म्हणतो, मेमध्ये फिरून आलेला त्याच महिन्यात खताचा खड्डा भरू शकतो.

केंद्र सरकारलाही हा काळ सोयीचा वाटला. २०२५ मध्ये २९ मे ते १२ जून या पंधरवड्यात 'विकसित कृषी संकल्प अभियान' राबवून शास्त्रज्ञांची पथकं देशभर गावोगाव पाठवण्यात आली. ते अभियान सेंद्रियपुरतं नव्हतं, पण वेळ खरीपाच्या तोंडावरचीच निवडली होती.

पायाखाली काय आहे ते आधी बघा

सेंद्रिय शेताची पहिली परीक्षा मातीची. माती परीक्षणाचा नमुना काढायला उन्हाळ्यातलं रिकामं रान सर्वांत सोयीचं, त्यामुळे बहुतेक फेऱ्यांत त्याचं प्रात्यक्षिक असतं. इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा १५ ते २० सेंटीमीटर खोल खड्डा घ्यायचा, त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडायची, शेतात नागमोडी फिरत अशा बऱ्याच ठिकाणची माती एकत्र करायची. मग तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहायचं. बांधाजवळची, झाडाखालची, जिथे शेणखताचा ढीग होता तिथली माती घ्यायची नाही. ही शेवटची अट सगळ्यांत जास्त मोडली जाते, आणि मग अहवाल येतो तो शेताचा नाही, उकिरड्याचा.

अहवालात बघायचा आकडा म्हणजे सेंद्रिय कर्ब. ०.५ टक्क्याच्या खाली असेल तर जमीन कमी कर्बाची समजली जाते. आपल्या उष्ण हवामानात मातीतले सेंद्रिय पदार्थ झपाट्याने कुजून हवेत जातात, त्यामुळे हा आकडा वाढवायला वर्षं लागतात आणि घसरायला फार लागत नाहीत. एका हंगामात कर्ब दुप्पट झाल्याचं कुणी सांगितलं, तर दोन्ही वर्षांचे अहवाल मागावेत आणि नमुने कुठून काढले तेही विचारावं.

अहवालाशिवायही दोन गोष्टी जागेवर करून बघता येतात. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन त्यात मातीचं सुकं ढेकूळ अलगद सोडायचं. कर्ब चांगला असलेल्या मातीचं ढेकूळ बराच वेळ धरून राहतं, कमकुवत मातीचं लगेच विरघळून चिखल होतो. शेजारच्या शेतातलंही एक ढेकूळ आणून दुसऱ्या ग्लासात टाकलं तर तुलना डोळ्यांसमोर होते. दुसरी गोष्ट हाताची. पालापाचोळ्याच्या आच्छादनाखाली हात घालायचा आणि मग दोन फुटांवरच्या उघड्या मातीवर ठेवायचा. दुपारच्या आधीसुद्धा फरक चटका देतो.

इथे दोन गैरसमज टाळायला हवेत. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडल्या म्हणजे जमीन 'मेली' असं नाही. त्या मातीतली चिकणमाती पाण्याने फुगते आणि सुकली की आकसते, तो तिचा स्वभावच आहे. तसंच मेमध्ये कोरड्या रानात खणल्यावर गांडूळ दिसलं नाही म्हणून लगेच निकाल देऊ नये. गांडुळं उन्हाळ्यात ओलाव्याच्या शोधात खोल जातात. ठिबकच्या खाली, आच्छादनात ती नसली तर मात्र प्रश्न विचारायला जागा आहे.

सेंद्रिय शेतकऱ्यांत आपसातही एकमत नसतं, हे फेरीत लवकरच कळतं. उन्हाळी नांगरट करून जमीन तापू द्यावी, किडींचे कोष आणि तणांच्या काशा उन्हाने मरतात, असं एक गट सांगतो. कृषी विभागाचा जुना सल्लाही तोच आहे. दुसरा गट म्हणतो, जमीन उलटीपालटी केली की होता तो कर्बही जळतो, तेव्हा आच्छादन ठेवा आणि नांगर बाजूला ठेवा. हुमणीने गांजलेला उसाचा शेतकरी आणि आच्छादनावर पेरू-आंबा घेणारा शेतकरी यांचे अनुभव एकसारखे असणं शक्यही नाही. चांगली फेरी ती, जिथे हा वाद उघडपणे होतो.

पश्चिमेकडे इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाण्यात हाच वाद राबाचा आहे. भात आणि नागलीच्या रोपवाटिकेची जागा पालापाचोळा, शेणी टाकून उन्हाळ्यात भाजायची, ही तिथली जुनी रीत. तण मरतं, राखेतून पोषण मिळतं. पण सेंद्रिय पदार्थ जाळायचा की कुजवायचा, हा प्रश्न उरतोच. तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या इगतपुरीचं उत्तर पाचशेच्या आसपास पाऊस असणाऱ्या येवल्याला चालेल असंही नाही. एकाच जिल्ह्यात इतकी तफावत असल्याने 'नाशिकची सेंद्रिय शेती' असं एकच चित्र दाखवणारी फेरी संशयास्पद मानायला हरकत नाही.

खताचा ढीग खोटं बोलत नाही

सेंद्रिय शेताचा कारखाना म्हणजे खताची जागा, आणि तो उन्हाळ्यात भरात असतो. महाराष्ट्रात फिरणाऱ्याला विटांचा जाळीदार हौद अनेक ठिकाणी दिसेल. तो 'नाडेप'. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायणराव पांढरीपांडे यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडलं. साधारण दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच हौद, हवा खेळावी म्हणून भिंतीत भोकं, आत काडीकचरा, थोडं शेण आणि मातीचे थर. थोड्या शेणात जास्त खत हे त्यामागचं गणित आहे, आणि जनावरं कमी झालेल्या गावांत ते आजही लागू पडतं. तीन-चार महिन्यांत खत तयार होतं, म्हणजे फेब्रुवारीत भरलेला हौद पेरणीला उघडता येतो.

ढीग बरोबर कुजतोय की नाही हे कळायला लोखंडी सळई पुरते. ती मधोमध खुपसून दहा मिनिटांनी काढली आणि हाताला धरवत नसेल इतकी तापली, तर आत जिवाणूंचं काम जोरात चालू आहे. थंडगार निघाली तर ढीग एकतर पक्का झालाय किंवा कोरडा पडलाय. कुजलेल्या खताला शेणाचा वास येत नाही, पहिल्या पावसातल्या मातीसारखा येतो. गांडूळखताचं उलट आहे. तिथे ढीग तापून चालत नाही, म्हणून अर्धवट कुजलेला माल, सावली आणि सतत ओल लागते. एप्रिल-मेमधल्या नाशिकच्या उन्हात ज्याने गांडुळं जगवली, त्याला ते कसं जमलं हे विचारण्यासारखं आहे. पाणी कुठून आणतो, हा त्यातला अर्धा प्रश्न.

जीवामृताचं प्रात्यक्षिक जवळपास प्रत्येक फेरीत होतं. अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर, ज्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांच्या शिबिरांमधून ही कृती सगळीकडे पोहोचली. २०० लिटर पाणी, १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत झाकून ठेवायचं, दिवसातून दोनदा ढवळायचं. एक एकराला हे पुरतं, असं सांगितलं जातं. कृती दहा मिनिटांत दाखवून होते आणि टाळ्या मिळवते. त्यानंतरचं कुणी फारसं दाखवत नाही. पाच एकरांना दर पंधरवड्याला हजार लिटर कोण ढवळणार, ते गाळून घेतलं नाही तर ठिबकचे ड्रीपर तुंबतात त्याचं काय, घरी एकच गाय असेल तर गोमूत्र गोळा कसं करायचं? फेरीचा खरा उपयोग हे प्रश्न विचारण्यात आहे, आणि त्यांची उत्तरं ढवळणाऱ्या गड्याला किंवा घरातल्या बाईला जास्त नेमकी माहीत असतात.

द्राक्षाचा घड मेमध्येच ठरतो

नाशिकच्या द्राक्षबागेत वर्षाला दोन छाटण्या होतात. ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी आणि माल निघाल्यावर एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी. खरड छाटणीनंतर फुटणाऱ्या काड्यांवरच्या डोळ्यांत, साधारण दीड-दोन महिन्यांत, पुढच्या वर्षीच्या घडांची जडणघडण होते. बाहेरून काही दिसत नाही. पण फेब्रुवारीत बाजारात येणाऱ्या घडाचं नशीब आदल्या मेमध्येच ठरायला लागलेलं असतं. उन्हाळ्यात द्राक्षबागेत बघण्यासारखं काही नाही म्हणणाऱ्याला हे एवढंच सांगितलं तरी पुरे.

याची किंमत जिल्ह्याने मोजली आहे. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढरोधकाचे अंश सापडल्याने भारतीय द्राक्षं युरोपात अडकली. निर्यातदार आणि बागायतदार दोघांनाही मोठा फटका बसला. हे रसायन बागायतदार प्रामुख्याने खरड छाटणीनंतरच्या काळात, वेलीची अवास्तव वाढ रोखून घडनिर्मिती वाढावी म्हणून वापरत होते. म्हणजे उन्हाळ्यातल्या फवारणीचा हिशेब पुढच्या हंगामात युरोपातल्या प्रयोगशाळेत निघाला. त्याआधी २००३ मध्येही कीटकनाशकाच्या अंशांवरून अडचण आली होती आणि त्यातूनच 'अपेडा'ची 'ग्रेपनेट' ही बागेपासून पेटीपर्यंत माग ठेवणारी व्यवस्था २००६ मध्ये उभी राहिली. आज निर्यातक्षम बाग नोंदणीकृत असते आणि फवारणीची वही ठेवावी लागते.

याचा अर्थ नाशिकची द्राक्षं सेंद्रिय झाली असा नाही. अंशमुक्त आणि सेंद्रिय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत रसायन वापरता येतं, फक्त काढणीच्या वेळी त्याचे अंश मर्यादेत हवेत. दुसरीत कृत्रिम रसायन वापरायचंच नसतं. आणि पूर्ण सेंद्रिय द्राक्ष अवघड आहे, हे कुणीही प्रामाणिक बागायतदार सांगेल. फळछाटणीनंतर अवकाळी पाऊस झाला की डाऊनी काही दिवसांत बाग संपवू शकतो. सेंद्रियमध्ये हाताशी असतं ते बोर्डो मिश्रण, त्यातल्या तांब्यावर मर्यादा असते, आणि काही जैविक बुरशी. म्हणून जिल्ह्यात सेंद्रिय शेतीच्या फेऱ्या द्राक्षापेक्षा भाजीपाला, भात, नागली, डाळी आणि फळझाडांच्या शेतांवर जास्त सुकर ठरतात. द्राक्षाची सेंद्रिय फेरी कुणी घेत असेल, तर 'मागच्या अवकाळीत काय केलंत?' हा पहिला प्रश्न असावा.

कांद्याच्या बाबतीत उन्हाळ्यात दोन ठिकाणं बघावीत. एक म्हणजे चाळ. नत्राचा मारा आणि काढणीपर्यंत पाणी चालू ठेवलेला कांदा चाळीत लवकर सडतो, हे लासलगावच्या पट्ट्यात सगळे जाणतात. त्यामुळे चाळीतला जुना कांदा शेतकऱ्याच्या पद्धतीबद्दल बरंच सांगून जातो. दुसरं म्हणजे कांद्याच्या बियाण्याचं शेत. एप्रिलमध्ये वाळलेल्या गोंड्यांमधून काळं बी निघतं. कांद्यात परपरागीकरण होतं, म्हणजे मधमाश्या आल्या नाहीत तर बी धरत नाही. बियाण्याच्या शेतात फुलोऱ्यात केलेली एक चुकीची फवारणी किती महागात पडते, हे रिकामे गोंडे चोळून बघितल्यावर वेगळं समजवावं लागत नाही.

जिल्ह्याच्या हद्दीला लागून अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याला राहीबाई पोपेरे यांची गावरान बियाण्यांची बँक आहे. 'बायफ'च्या मदतीने उभ्या राहिलेल्या या कामासाठी त्यांना २०२० चा पद्मश्री जाहीर झाला. मातीच्या मडक्यांत, राखेत ठेवलेलं बी बघायला राज्यभरातून लोक जातात. स्वतःच्या घरचं सोयाबीन पेरायचं असेल तर मेमध्ये करायची चाचणी याहूनही साधी आहे. ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळायचे आणि आठवड्याने मोजायचे. सत्तर किंवा त्याहून जास्त उगवले तर बी पेरण्याजोगं, त्याखाली असतील तर जास्त बी घाला किंवा बदला. कृषी विभाग दर उन्हाळ्यात हेच सांगतो. एका सकाळच्या फेरीतून घरी नेण्यासारखं याहून उपयोगी काही क्वचितच मिळतं.

पुस्तकाआधी शेजारचं शेत

एकमेकांच्या शेतावर जाऊन शिकण्याची रीत नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात काही सरकारी योजनेतून आलेली नाही. महाराष्ट्रात तिला सर्वांत ठाम रूप दिलं ते श्रीपाद अच्युत दाभोलकरांनी. गणिताचे हे प्राध्यापक सांगली जिल्ह्यातल्या तासगावच्या दुष्काळी भागात द्राक्ष उत्पादकांबरोबर काम करायला लागले आणि त्यातून 'प्रयोग परिवार' उभा राहिला. कुणी गुरू नाही, कुणी शिष्य नाही. ज्याच्या बागेत प्रयोग झाला, त्याने तो दाखवायचा, मोजमाप लिहायचं, दुसऱ्याने आपल्याकडे करून बघून कळवायचं. इंग्रजीतलं त्यांचं 'प्लेन्टी फॉर ऑल' १९९८ मध्ये आलं, पण त्याच्या कितीतरी आधी ही देवाणघेवाण शेतकऱ्यांमध्ये रुजली होती. १९६० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघाची चर्चासत्रंही याच सवयीवर चालतात.

शेतीशाळेचा उगम मात्र इंडोनेशियातला. भातावरच्या तपकिरी तुडतुड्याने तिथे हाहाकार उडवला होता, आणि जितकी फवारणी जास्त तितकी कीड वाढत होती, कारण तुडतुडे खाणारे कोळीच आधी मरत होते. १९८६ मध्ये तिथल्या सरकारने भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली आणि १९८९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मदतीने शेतीशाळा सुरू झाल्या. पंचवीसेक शेतकरी, आठवड्यातून एक सकाळ. शेतातून किडी गोळा करायच्या, शत्रू कोण आणि मित्र कोण ते ओळखायचं, मोठ्या कागदावर चित्र काढायचं आणि त्यावरून फवारायचं की नाही हे स्वतः ठरवायचं. महाराष्ट्रात कृषी विभाग आणि नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने हीच पद्धत वापरली. पाणी फाउंडेशनने फार्मर कपच्या निमित्ताने ती मोबाईलवरही आणली. पण मोबाईलवर मातीचा वास येत नाही.

जिथे फेरी हीच तपासणी असते

ग्राहकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे. भारतात सेंद्रिय प्रमाणपत्राच्या दोन वाटा आहेत. एक तिसऱ्या संस्थेकडून तपासणीची, राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाखालची. निर्यातीला ती लागते आणि ती खर्चिक आहे. दुसरी २०११ पासूनची 'पीजीएस-इंडिया', म्हणजे सहभाग हमी पद्धत. हिच्यात गटातले शेतकरीच एकमेकांच्या शेतावर जाऊन तपासणी करतात आणि एकमेकांची हमी घेतात. बदलाच्या काळात 'पीजीएस ग्रीन', तो पूर्ण झाल्यावर 'पीजीएस ऑरगॅनिक'. २०१५ पासूनची परंपरागत कृषी विकास योजना याच पद्धतीवर गट बांधते. म्हणजे या गटांमध्ये शेजाऱ्याच्या शेतात फिरणं ही हौस नाही, ते प्रमाणपत्राचं काम आहे.

त्यात कच्चा दुवाही आहेच. भावकीतल्या माणसाच्या शेतात युरियाची रिकामी गोणी दिसली तर ती कोण लिहून देणार? बाहेरच्या लोकांना बोलावून काढलेली उन्हाळी फेरी इथे कामाला येते, कारण अनोळखी माणूस गोणीबद्दल सहज विचारून मोकळा होतो.

२०१७ च्या नियमांनुसार दुकानात 'सेंद्रिय' म्हणून विकल्या जाणाऱ्या मालाला प्रमाणपत्र आणि 'जैविक भारत' चिन्ह लागतं, पण थेट ग्राहकाला विकणाऱ्या छोट्या उत्पादकांना त्यातून सूट आहे. व्हॉट्सॲप ग्रुपवर दर शनिवारी भाजीची टोपली देणारे बरेच जण या सुटीत येतात. त्यात बेकायदा काही नाही. पण तिथे ग्राहकाकडे शेत बघून येण्याखेरीज दुसरा पुरावा नसतो.

शेतावर गेल्यावर बांध बघावा. शेजारचं शेत रासायनिक असेल तर मध्ये झाडांची किंवा उंच पिकाची पट्टी आहे का, पावसाचं पाणी कुठून कुठे वाहतं? गोदामाचं दार उघडं आहे की कुलूप आहे? नोंदवही मागावी आणि फक्त शेवटचं पान बघू नये. रसायन बंद करून किती वर्षं झाली हे विचारावं, कारण हंगामी पिकांना दोन आणि बहुवर्षायू पिकांना तीन वर्षं बदलाचा काळ धरतात. या काळात उत्पादन बहुतेकदा घटतं आणि भाव मात्र नेहमीचाच मिळतो. सेंद्रियकडे वळलेले कितीतरी शेतकरी इथेच मागे फिरतात. त्या वर्षांत घर कशावर चाललं, हे जो मोकळेपणाने सांगतो त्याची फेरी सोडू नये. 'पहिल्याच वर्षी उत्पन्न दुप्पट' सांगणाऱ्याकडून बाटली विकत घेण्याआधी मात्र थांबावं.

बाटल्यांचा प्रश्न खराच आहे. काही फेऱ्या निविष्ठा विकणाऱ्यांनी भरवलेल्या असतात. 'जैविक' नावाखाली काहीही विकलं जाण्याच्या तक्रारी जुन्या आहेत आणि लेबलवर न लिहिलेलं रसायन त्यात निघालं, तर निर्यातीच्या बागेचा सगळा माल अडू शकतो. जैव-उत्तेजकांना २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशाखाली आणलं गेलं. लेबलवर घटक, उत्पादकाचा पत्ता आणि परवाना नसेल तर ती बाटली फुकटही घेऊ नये.

कुठे चौकशी करायची?

नाशिकला गंगापूर धरणाच्या वाटेवर, गोवर्धन इथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या आवारात कृषी विज्ञान केंद्र आहे. दुसरं मालेगाव तालुक्यात वडेलला. प्रत्येक जिल्ह्यात असलेली 'आत्मा' ही यंत्रणा शेतकऱ्यांचे अभ्यासदौरे काढते, आणि तालुका कृषी अधिकारी कार्यालयात खरीपपूर्व कार्यक्रमांची माहिती मिळते. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्ससारख्या शेतकरी कंपनीचा परिसर बघायलाही शेतकरी जातात. तो सेंद्रियचा नमुना म्हणून नाही, पण माल गोळा करून विकायची व्यवस्था कशी बसवतात ते तिथे दिसतं, आणि सेंद्रिय गट बहुधा तिथेच अडतात.

शहरी कुटुंबांसाठी कृषी पर्यटन केंद्रं आहेत, राज्याचं त्यासाठी २०२० पासून धोरणही आहे. बैलगाडी, हुरडा, पिठलं-भाकरी हे तिथलं आकर्षण. मुलांना नेण्यासाठी ते छानच आहे, फक्त त्याला सेंद्रिय शेतीचं शिक्षण समजू नये. तिथे खताचा ढीग दाखवायला सांगितला आणि मालक आनंदाने घेऊन गेला, तर दिवस सार्थकी लागला.

वेळ सकाळी सात ते दहाची घ्यावी. नाशिकचा पारा आता चाळिशीच्या आसपास सहज जातो आणि दहानंतर कुणाच्याच डोक्यात काही शिरत नाही. पायात बंद बूट, पाण्याची बाटली आणि माती आणायला दोन कापडी पिशव्या असाव्यात, एक या शेताची, एक स्वतःच्या किंवा शेजारच्या. फोटो टाकण्याआधी शेतकऱ्याला विचारावं. त्याचा मोबाईल नंबर किंवा शेताचं ठिकाण पोस्टमध्ये टाकलं की पुढचे चार रविवार न सांगता आलेल्या पाहुण्यांना चहा पाजण्यात जातात, आणि तेव्हा नेमकी पेरणी आलेली असते. शक्य असेल तर ऑगस्टमध्ये, तण आणि कीड दोन्ही जोरात असताना, त्याच शेतावर पुन्हा यायची परवानगी जाताजाताच मागून ठेवावी.